गुणपत्रिकेवर पायऱ्याही छापा

प्रति,
माननीय अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
भांबुर्डा, पुणे

विषय : दहावीची टक्केवारी आणि तिचा न दिसणारा हिशेब



मी पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहते आणि आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. दहावीचा निकाल लागला की माझ्या घरी गणिताचा वेगळाच तास भरतो. त्याला मुलं कमी आणि आईबाप जास्त असतात. हातात मोबाईल, मोबाईलवर निकालाचं पान, आणि प्रश्न एकच : एवढे टक्के आले कसे? कमी आले म्हणून विचारणारे असतात, तसे जास्त आले म्हणून विचारणारेही असतात. दुसऱ्या प्रकारचे लोक तुम्हाला वाटतात त्याहून बरेच जास्त आहेत, म्हणून हे पत्र.

आमचा भाग तुमच्या माहितीतला असेल. वायसीएम रुग्णालय इथेच, डी. वाय. पाटील यांचं वैद्यकीय महाविद्यालय इथेच, आचार्य अत्रे रंगमंदिरही इथेच. पलीकडे वल्लभनगरचं एसटी स्थानक, आणि २०२२ पासून मेट्रोचं स्टेशन. शिक्षणाच्या पाट्या वाचायला कुणाला लांब जावं लागत नाही. पण सकाळी नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी असलेली माणसं भोसरीला नाहीतर चाकणला निघालेली असतात. त्यांतल्या अनेकांची दहावी लातूर, बीड, बुलढाणा, जळगाव इकडे झाली. टक्केवारी काढायची त्यांची रीत साधी : सगळ्या विषयांची बेरीज करायची, एकूण गुणांनी भागायचं, शंभराने गुणायचं. रीत बरोबरच आहे. आता मंडळ त्या रीतीने टक्केवारी काढत नाही, एवढंच.

एका मुलीचे गुण सांगते. आकडे थोडे इकडचे तिकडे केले आहेत, पोरीला उगाच कुणी ओळखायला नको. मराठी ८२, हिंदी ७८, इंग्रजी ६९, गणित ५८, विज्ञान ७१, सामाजिक शास्त्रे ८४. वडील चाकणला एका प्रेस शॉपमध्ये. तिसरी पाळी करून आले होते, डोळे तारवटलेले. निकालावर टक्केवारी होती ७६.८०. त्यांनी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सहा विषय मिळवले तर आले ४४२. सहाशेने भागले तर ७३.६७. पुन्हा केलं, तेच. मग माझ्याकडे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, बोर्डानं तीन टक्के जास्तीचे टाकलेत. ॲडमिशन झाल्यावर कुणाच्या ध्यानात आलं तर पोरीला काढून टाकतील का?"

हा माणूस भोळा नाही. पगाराच्या स्लिपवर पीएफ किती कापला, ओव्हरटाइम किती तासांचा लावला, हे तो ओळ न् ओळ तपासतो आणि चुकलं तर एचआरच्या दारात उभा राहतो. स्लिपवर ओळी असतात म्हणून त्याला ते करता येतं. मुलीच्या निकालात त्याच्या हाती शेवटचा आकडा तेवढा आला होता.

मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. सहा विषयांतला सगळ्यात कमी गुणांचा विषय बाजूला काढायचा. इथे तो गणित, ५८ गुणांचा. उरलेल्या पाचांची बेरीज ३८४. ती पाचशेपैकी धरायची आणि टक्के काढायचे : ७६.८०. याला सगळे बेस्ट फाइव्ह म्हणतात. बोर्डाने काही जास्तीचं टाकलं नाही, काढून घेण्यासारखंही काही नाही. ते निवांत झाले, पण जाता जाता म्हणाले, "मग तसं लिहायला काय झालं?" त्यांचा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचवते आहे.

पालकांना मी एक खूणही शिकवून ठेवली आहे. पाचशेपैकी टक्के काढले की एका गुणाचे होतात ०.२० टक्के. म्हणून तुमच्या टक्केवारीत दशांशचिन्हानंतरचा पहिला आकडा शून्य, दोन, चार, सहा नाहीतर आठच असतो आणि त्याच्यापुढे शून्य. ७६.८० दिसलं तर ते पाचशेपैकीचं असू शकतं. ७३.६७ दिसलं तर पाचशेपैकीचं नक्कीच नाही, कुणीतरी सहाशेने भागलं आहे. गणिताच्या बाईंना असल्या गोष्टींत आनंद वाटणारच. पण पालकांना स्वतःच्या मुलाची टक्केवारी ओळखायला असली खूण शोधावी लागते, हे काही बरं नाही.

वर दिलेल्या मुलीचा हिशेब आणखी एकदा बघा. ७५ टक्के आणि त्याच्या वर प्रावीण्य श्रेणी, ६० पासून ७५ च्या आत प्रथम श्रेणी. पाच विषय धरले तर पोरगी प्रावीण्यात आहे, सहा धरले तर प्रथम श्रेणीत. तिने पेपर तेच लिहिले, तपासणाऱ्यांनी गुण तेच दिले. श्रेणी बदलली ती भागाकार कसा केला यावरून.

आणि वगळला गेला तो विषय गणित. मला खुपतं ते इथे. डिप्लोमाला जायची स्वप्नं असलेल्या मुलांच्या या पट्ट्यात, जिथे व्हर्नियर आणि मायक्रोमीटरशिवाय पोट भरत नाही, तिथे मुलाच्या टक्केवारीतून गणितच गळून पडतं आणि घरी पेढे वाटले जातात. जूनमध्ये मग कळतं की टक्के ७६ असले तरी गणित ५८ आहे. तरीही बेस्ट फाइव्ह काढून टाका असं मी म्हणणार नाही. एखाद्या मुलाचा एक विषय कच्चा असतो, कधी घरात इंग्रजीचा वारा नसतो, कधी परीक्षेच्या दिवशी अंगात ताप असतो. एका पेपराने अकरावीचं कॉलेज ठरू नये हे मला पटतं.

हे सूत्र आलं कसं, हेही पालकांना कुणी सांगितलेलं नाही. इतर मंडळांच्या मुलांचे टक्के जास्त येतात आणि मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजांतल्या जागा तिकडे जातात, अशी ओरड होती. म्हणून सरकारने २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते उच्च न्यायालयात टिकलं नाही. २००९ मध्ये ९०:१० चा कोटा आणला, राज्य मंडळाच्या मुलांना नव्वद टक्के जागा. तोही रद्द झाला. २०१० मध्ये बेस्ट फाइव्ह आलं. मुंबई उच्च न्यायालयाने तेही रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्याला मान्यता दिली. लागोपाठ तीन वर्षं तीन सूत्रं, आणि प्रत्येक वेळी मुलं प्रवेशाच्या रांगेत ताटकळत. जे सूत्र एवढ्या कोर्टकचेऱ्या करून मिळालं, ते पालकांना नीट समजावून सांगायला दोन ओळी कुणी खर्च केल्या नाहीत.

त्यातून गैरसमज माजतात. सगळ्यात घातक असा : "एक विषय सोडला तरी चालतो." गेल्या काही वर्षांत ही समजूत नववीतल्या मुलांपर्यंत आली आहे. भूमिती डोक्यात शिरत नाही म्हटल्यावर पोरगं सरळ म्हणतं, "बाई, मॅथ्स माझा सहावा विषय आहे." त्याला सांगावं लागतं की बाबा, सहावा विषय टक्केवारीतून जातो, निकालातून नाही. त्यात पास व्हावंच लागतं. एकदोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत बसता येतं, ती सवलत वेगळी, तिचा टक्केवारीशी संबंध नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक बातमी आली होती : गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढे जाता येईल, मात्र पुढे ते विषय घ्यायचे नाहीत. बातमीतला पहिला अर्धा भाग आमच्या गल्लीत एका संध्याकाळीत पसरला. दुसरा अर्धा अजून पोचतो आहे.

आता वीस गुणांकडे येते. याबद्दल शाळांत, शिकवण्यांत आणि शिक्षकांच्या खोलीत जे बोललं जातं ते तुमच्यापर्यंत नक्की येत असणार. विषय शंभराचा, त्यात लेखी ८० आणि उरलेले २० शाळेच्या हातात : भाषांना तोंडी, विज्ञानाला प्रात्यक्षिक, गणिताला आणि सामाजिक शास्त्रांना अंतर्गत मूल्यमापन. गणिताचे ८० म्हणजे भाग एकचे ४० आणि भाग दोनचे ४०. त्या मुलीच्या ५८ मध्ये समजा शाळेचे १८ असतील, तर तिने लेखीत ८० पैकी ४० मिळवले. १२ असतील तर लेखीत ४६. दोन्हींत बराच फरक आहे. तिला पुढे गणित झेपेल का, हे मला सांगायचं असेल तर नेमका हा फरक लागतो, आणि गुणपत्रिकेवर तोच नाही. तिथे ५८ आहेत आणि अक्षरी अठ्ठावन्न.

२०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे वीस गुण बंद केले, शिवाय अभ्यासक्रमही नवा होता. निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, वीस गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३०. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही आणि त्याचे सरासरी गुण दिले गेले, तेही यात धरायला हवं. शंभर टक्के मिळवणारी मुलं २०१९ मध्ये राज्यात २० होती, २०२० मध्ये २४२. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं एवढी हुशार झाली, असं तुम्हीही म्हणणार नाही. नियम बदलला, आकडा बदलला. मग ज्याच्या गुणपत्रिकेवर २०१९ आहे आणि ज्याच्यावर २०२० आहे, ते दोघे पुढे एकाच नोकरीच्या रांगेत उभे राहतात तेव्हा समोरच्या माणसाला हे कळणार कसं? २०१९ च्या मुलाने काय पाप केलं होतं?

२०२१ चं तर विचारूच नका. परीक्षा झाली नाही. नववीच्या अंतिम निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असे मिळून शंभर. निकाल ९९.९५ टक्के. अकरावीसाठी सीईटी घ्यायचं ठरलं, तेही ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलं. ती पोरं आता कामाला लागली आहेत आणि मुलाखतीत "करोना बॅच का?" हे ऐकून घेतात. त्यातल्या अनेकांनी नववीत खरोखर मान मोडून अभ्यास केला होता आणि त्यांच्या टक्क्यांतला निम्मा वाटा त्या नववीचा आहे. ही गोष्ट गुणपत्रिकेवर एका ओळीत असती, तर त्यांना हिणवणाऱ्याला दाखवता आली असती.

वाढीव गुणांचं प्रकरण छोटं आहे, पण भांडणं तिथेच होतात. इंटरमिजिएट ड्रॉइंगला अ श्रेणी असली की ७ गुण मिळतात. खेळांचे, लोककलेचे वेगळे. वरच्या मुलीला ते ७ मिळाले असते तर ३८४ चे ३९१ होऊन टक्के झाले असते ७८.२०. चित्र काढणाऱ्या मुलाला त्याचं फळ मिळावं, याला माझी हरकत नाही. उलट आमच्याकडे चित्रकलेच्या तासाला गणित घेणाऱ्या शाळा आहेत, त्यांना यामुळे तरी थोडी लाज वाटते. पण शेजारची बाई जेव्हा विचारते, "मराठीत कुणाला शंभर पडतात का कधी, मग यांना शंभर टक्के कसे?", तेव्हा मला तासभर बोलावं लागतं. २०२५ मध्ये २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. लातूरचं नाव निघालं की आमच्या वस्तीत छाती फुगणारे बरेच आहेत. त्यांनाही सांगावं लागतं की शंभर टक्के म्हणजे साही विषयांत शंभर नव्हे. एक विषय बाजूला गेलेला असू शकतो आणि वाढीव गुण मिळून पाचशे भरलेले असू शकतात. मुलांची मेहनत त्याने कमी होत नाही. आकडा कशाचा आहे ते कळतं.

तुम्ही म्हणाल, अकरावीच्या प्रवेशाला सगळ्यांना एकच नियम लागतो, मग अडचण कुठे आहे? २०२५ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश राज्यभर झाला, तिथे पाचशेपैकीचे गुण बघतात, तिथवर ठीक. पण दहावीची गुणपत्रिका अकरावीच्या दाराशी टाकून देता येत नाही. ती जन्मभर बरोबर येते आणि पुढचं प्रत्येक दार वेगळं गणित मागतं. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर निवड होते आणि टक्केवारी चार दशांश स्थळांपर्यंत काढतात. तिथे जादा विषय सोडून सगळ्या विषयांचे गुण धरतात. म्हणजे आपल्या मुलीचे तिथे ७६.८० नव्हेत, ७३.६६६७. गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारी बघून स्वतःला यादीत धरून बसलेली मुलं इथे फसतात. कंपन्यांच्या ॲप्रेंटिसच्या जाहिरातीत नुसतं "दहावीत ६० टक्के" असतं. पाचाचे की सहाचे, हे जाहिरात सांगत नाही. पाच विषयांचे ६१ आणि सहांचे ५८ असलेल्या मुलाने काय लिहायचं? त्याने ६१ लिहिले तर खोटं बोलला का? माझ्या मते नाही. पण पडताळणीच्या टेबलावर माझ्या मताला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या मंडळांचे घोळ वेगळे आहेत, ते तुमच्या माथी मारत नाही. पण एकाचा उल्लेख करते, कारण आमच्या इमारतीत त्या काळातली मुलं आहेत. २०१७ पर्यंत काही वर्षं सीबीएसई दहावीला टक्केवारीऐवजी सीजीपीए देत असे. ९१ ते १०० ला दहा, ८१ ते ९० ला नऊ, ७१ ते ८० ला आठ, असे प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण. पाच मुख्य विषयांची सरासरी म्हणजे सीजीपीए, आणि त्याला ९.५ ने गुणलं की अंदाजे टक्के. दहा, नऊ, नऊ, आठ, आठ असतील तर बेरीज ४४, सीजीपीए ८.८, टक्के ८३.६. दिसायला सुटसुटीत. पण एका मुलाला पाचही विषयांत ८१ आणि दुसऱ्याला पाचही विषयांत ९० पडले, तर दोघांचाही सीजीपीए ९ आणि दोघांचेही टक्के साडेपंच्याऐंशी. तिसऱ्याला पाचही विषयांत ९१, म्हणजे दुसऱ्यापेक्षा विषयात एकच गुण जास्त, तर त्याचे थेट ९५. मुलांवरचा ताण कमी करायचा म्हणून केलं होतं, हेतू चांगला होता. शेवटी २०१८ पासून बोर्डाची परीक्षा परत सक्तीची झाली आणि गुणही परत आले. आता सीबीएसई एकूण टक्केवारी छापतच नाही, विषयवार गुण देते आणि बेरजेचं काम ज्याचं त्याच्यावर सोडते. तोही एक मार्ग आहे. मला तो पटत नाही, कारण बेरीज करणारा प्रत्येक जण आपापली सोय बघतो.

यापेक्षा बरं उदाहरण मला अनपेक्षित ठिकाणी मिळालं. माझी एक जुनी विद्यार्थिनी न्यू जर्सीला असते. तिचा मुलगा तिथे हायस्कूलमध्ये आहे. तिचा फोन आला, "बाई, याचा जीपीए ३.६ आणि मित्राचा ४ च्या वर. चारपैकी चारपेक्षा जास्त कसे मिळतात हो?" मलाही गंमत वाटली. तिने शाळेचे कागद पाठवले तेव्हा कळलं. ए ला चार, बी ला तीन, सी ला दोन, डी ला एक, असे आकडे द्यायचे, प्रत्येकाला त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचं, बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचं. तीन ए आणि दोन बी असले, क्रेडिट सारखेच असले, तर १८ भागिले ५, म्हणजे ३.६. पण अवघड पातळीचा अभ्यासक्रम घेतला असेल तर अनेक शाळा त्या विषयाला एक आकडा जास्त देतात. त्यातले दोन ए तसल्या विषयांत असते, तर चाराऐवजी पाच पाच धरून बेरीज वीस झाली असती आणि जीपीए ४. म्हणजे अवघड विषय अंगावर घेणाऱ्याला तिथे बक्षीस आहे. आपल्याकडे तो विषय वगळला जातो. यावर तुमच्या अभ्यासमंडळाने कधीतरी चहा घेत बोलावं.

तिथे देशभर एक नियम नाही, प्रत्येक शाळेची रीत वेगळी. पण शाळा मुलाचा निकाल कॉलेजकडे पाठवते तेव्हा सोबत शाळेची माहिती देणारा एक कागद जोडते. आमच्याकडे गुण कसे देतात, कोणत्या विषयाला वजन जास्त, जीपीए कसा काढला, हे त्यात असतं. नियम शंभर असोत, वाचणाऱ्याला हा निकाल कोणत्या नियमाचा ते कळतं. आपल्याकडे राज्यभर नियम एकच आहे, म्हणजे तुमचं काम त्यांच्यापेक्षा सोपं आहे.

आणखी एक गोष्ट पालकांच्या बाजूने सांगायला हवी. आठवीपर्यंत त्यांच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात टक्के नसतातच. ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन आहे : सातवीला ४० गुण वर्षभराच्या कामाचे, ६० सत्राच्या परीक्षेचे, आणि शेवटी अ-१, अ-२, ब-१ अशी श्रेणी. आठ वर्षं आईबापांनी "अ-२ म्हणजे चांगलं" एवढंच लक्षात ठेवलेलं असतं. नववीत टक्के येतात, दहावीत त्यांचं सूत्र बदलतं, आणि कुठल्याच पालकसभेत यावर दहा मिनिटं कुणी बोलत नाही. पालकसभा फी, गणवेश आणि मोबाईल यांवरच संपते. हा आरोप शाळांवर आहे. पण शाळा मंडळाच्या परिपत्रकाप्रमाणे चालतात, आणि असं परिपत्रक निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मागणी मोठी नाही, नवा खर्चही फारसा नाही. गुणपत्रिकेवर प्रत्येक विषयापुढे लेखीचे गुण, शाळेचे गुण आणि एकूण असे तीन रकाने असावेत. हे तिन्ही आकडे तुमच्याकडे आधीच असतात, त्याशिवाय बेरीज होणारच नाही. खाली सहा विषयांची सहाशेपैकी बेरीज आणि तिची टक्केवारी. त्याखाली कोणता विषय वगळला त्याचं नाव, पाचांची पाचशेपैकी बेरीज, वाढीव गुण असतील तर ते कशाबद्दल आणि किती, आणि मग अंतिम टक्केवारी. मागच्या बाजूला त्या वर्षीचा नियम मराठीत, मोठ्या टायपात, खुणांशिवाय आणि तळटिपांशिवाय. ज्या वर्षी पेपर रद्द झाला किंवा सूत्र बदललं, त्या वर्षी तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. ऑनलाइन निकालाच्या पानावरही हेच हवं, कारण पहिली धडकी तिथे भरते. आणि नववीच्या पहिल्या पालकसभेत सगळ्या शाळांनी एक नमुना गुणपत्रिका घेऊन हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा, एवढं एक परिपत्रक काढा.

लेखी आणि शाळेचे गुण वेगळे छापले तर शाळांची अडचण होईल, असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. सगळ्या मुलांना वीसपैकी वीस देणाऱ्या शाळेची होईलच. ती व्हावी, असं मला वाटतं. ज्या शाळा तोंडी परीक्षा मनापासून घेतात, प्रात्यक्षिकाला मुलांच्या हातात खरोखर परीक्षानळी देतात, त्यांच्या मुलांचे सतरा गुण आज दुसऱ्या शाळेच्या विसांपुढे फिके पडतात. त्या शिक्षकांनाही न्याय मिळेल.

दहावीच्या गणितात मुलाने नुसतं उत्तर लिहिलं आणि पायऱ्या दाखवल्या नाहीत, तर तपासनीस पूर्ण गुण देत नाही. तो नियम तुमचाच आहे आणि मी तो वर्षभर मुलांच्या कानीकपाळी ओरडत असते. येत्या परीक्षेच्या गुणपत्रिका छापायला जाण्याआधी मंडळाने तो स्वतःलाही लावावा, ही नम्र विनंती.

कळावे,
आपली,
गणिताच्या शिकवणीच्या एक बाई
संत तुकाराम नगर, पिंपरी

ता. क. : हे पत्र पालकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी. मंडळ करेल तेव्हा करेल. तोवर मुलाच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स काढा, तिच्या मागे सहाशेपैकीचे टक्के आणि पाचशेपैकीचे टक्के दोन्ही लिहून ठेवा, आणि कुठलाही फॉर्म भरताना ते कोणते मागतात ते आधी वाचा. समजलं नाही तर फॉर्म सबमिट करण्याआधी विचारा, नंतर नको. आणि मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करू नका.